मातीसाठी मुलूख

धुळा मरगळ्याला जगात दोनच मुलूख ठाऊक होते. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. मधे ताम्हिणीचा घाट. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरायचं आणि वळीव पडायच्या आत वर यायचं, एवढाच त्याचा जगाशी व्यवहार. साठी उलटलेल्या माणसाला यापेक्षा जास्त भूगोल लागतो कशाला? पण त्याच्या पोटच्या पोरानं, मल्हारनं, भलत्याच तिसऱ्या मुलखात जाऊन देह ठेवला आणि धुळावर त्या मुलखाची चौकशी करायची पाळी आली. चौकशी हौसेची नव्हती. मल्हारला तिथंच माती द्यायची की इकडं आणायचं, हे बापानं ठरवायचं होतं, आणि तिकडचे लोक उत्तराची वाट बघत होते.

त्या मुलखाचं नाव माल्टा. इटलीच्या खाली आणि आफ्रिकेच्या वर समुद्र आहे, त्यात भाताचं शीत सांडावं तेवढा तो नकाशावर दिसतो. मल्हार तिथं स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचा. पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्ता निसरडा, वळणावर समोरून ट्रक. बाकी सांगण्यासारखं काही नाही. सव्वीस वर्षांचं पोर, लग्न व्हायचं होतं.

आता मेंढपाळाची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर धुळा पुढं जे वागला ते कुणाला कळायचं नाही. मेंढरं, घोडी, बायका-पोरं असा सगळा मिळून जो लवाजमा चालतो त्याला वाडा म्हणतात. वाडा हलवायच्या आधी एक माणूस पुढं जातो आणि मुलूख बघून येतो. तो आला की सगळे भोवती बसतात आणि म्हातारी माणसं विचारतात. पाणी कसंय? माळाचा मालक कोण? माणसं कशी हायेत? देव कुठले? आणि शेवटचा प्रश्न असतो, मेलं-मुरलं तर माती देतील का? कारण सहा-सात महिन्यांच्या वाटेत कुणीतरी जातंच, आणि ज्या गावाशिवारात माणूस पडला तिथंच त्याला माती देऊन वाडा पुढं निघतो. दरसाल त्या वाटेनं जाताना तिथं थांबायचं, भंडारा वाहायचा, एक दगड ठेवायचा. धुळाचा चुलता असाच माणगावच्या अलीकडं एका ओढ्याकाठी आहे.

या रीतीत एकच कडक नियम. वाईट आधी सांगायचं. चारा गुडघाभर आहे हे मागून सांगितलं तरी चालतं, पण त्या शिवारात बिबट्या फिरतो हे आधी. धुळाच्या तरुणपणी एका पोरानं हिरवागार माळ बघितला आणि घाईघाईनं सांगावा धाडला. माळाला लागून भाजीच्या वाफ्यांवर औषध फवारलेलं होतं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी कोकरं आडवी. त्या पोराला पुन्हा कधी कुणी पुढं पाठवलं नाही, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्याला स्वतःलाच ते पटलं होतं.

मल्हार तिकडं गेला तेव्हा धुळानं दर रविवारी फोनवर त्याला हेच प्रश्न विचारले. पोरालाही रीत माहीत, तो ऐटीत सांगायचा.

"आबा, आख्खा देश आपल्या मुळशी तालुक्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा."

"आन मेंढरं?"

"हायेत थोडी. दुधाचं चीज करत्यात, लहान लहान, पेढ्यावानी."

"मालक कोण?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मल्हारला तीन रविवार लागले. आधी जहाजांतून व्यापारी आले, मग रोमचे आले, मग अरब आले, मग चिलखतं घातलेले धर्मवीर आले आणि अडीचशे-पावणेतीनशे वर्षं बसले. त्यांना हे बेट एका राजानं खंडानं दिलं होतं, आणि खंड काय, तर वर्षाला एक ससाणा. हे ऐकून धुळा इतका हसला की त्याला ठसका लागला. "एक पाखरू? आरं, आपून माळावर बसायचो तर पाटील दरसाल बोकड घ्यायचा! लई स्वस्तात मिळालं की." त्या वीरांना फ्रेंचांनी हाकललं, फ्रेंचांना इंग्रजांनी, आणि आपण इंग्रजांतून सुटल्यावर सतरा वर्षांनी ते बेटही सुटलं. महायुद्धात त्या एवढ्याशा बेटावर इतके बॉम्ब पडले की लोक खडकातल्या बिळांत राहिले आणि उपासमारीनं टेकीला आले. मग इंग्रजांच्या राजानं एकेकाला देत न बसता सगळ्या बेटालाच मिळून एक शौर्यपदक दिलं, ते अजून त्यांच्या झेंड्यावर आहे. धुळाला हे पटलं नाही. "पदक कशाला? धान्य द्यायचं," तो म्हणाला.

"आन आता राज्य कुणाचं?"

"लोकांचं. राष्ट्रपती हाय, पंतप्रधान हाय, आपल्यासारखंच. पार्ट्या मात्र दोनच, लाल आन निळी. घरागणिक ठरल्यालं. मतदानाला म्हातारीकोतारीबी चुकत न्हाईत. निवडून आलं की हॉर्न वाजवत गाड्या फिरवत्यात."

"मंजी आपलं नांदे गावच की रं!"

मल्हार खदखदून हसला होता. त्या देशातले सगळे ख्रिस्ती, पण त्यांच्या बोलीत देवाला अल्ला म्हणतात, ही गंमत त्यानं सांगितली. उन्हाळ्यात गावोगाव जत्रा भरतात, संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवतात, आणि दारूकाम असं की आपल्या जेजुरीनं बघत राहावं. कुठल्या कुठल्या चर्चला दोन घड्याळं असतात. एक खरी वेळ दाखवतं, दुसरं खोटी, सैतानाला चकवायला. "सैतानाला घड्याळ कळतंय व्हय?" असं धुळानं विचारलं.

असा त्यानं सगळा मुलूख सांगितला. पण आपण कुठं राहतो, काय खातो, किती वेळ राबतो, यातलं एक अक्षर नाही. विचारलं तर "माझं बेस हाय, आबा." आधी चांगलं सांगितलं आणि वाईटापर्यंत तो कधी आलाच नाही. धुळाला रीत पाठ, आणि तरी पोराच्या आवाजातल्या ऐटीपुढं त्याला ती आठवली नाही. बापाची माया अशीच असते, नको तिथं बहिरी.

बातमी सांगणारा फोन कौस्तुभचा होता. कौस्तुभ साताऱ्याचा, मल्हारच्याच खोलीत राहणारा, हॉटेलात काम करणारा. मल्हारची धाकटी बहीण अपेक्षा हिंजवडीला एका कंपनीत स्वागतकक्षात बसते, तिच्या फोनवर तो आला. दोन दिवसांनी त्याचाच पुन्हा आला. तिकडची चौकशी संपायला वेळ लागेल, मग पेटी विमानानं पाठवता येईल. किंवा घरच्यांनी लिहून दिलं तर तिथंच दफन होईल. जाळायची सोय त्या देशात नाही म्हणतात. "काका, तुम्ही सांगाल तसं करू," तो म्हणाला. "पण लवकर सांगा, प्लीज. मल्हार तिथं त्या फ्रिजमध्ये आहे, मला सहन होत नाही."

सुंदरानं, मल्हारच्या आईनं, क्षणभरही विचार केला नाही. "आणा त्याला."

"आणू," धुळा म्हणाला. "आणून ठिवायचा कुटं?"

सुंदरा त्याच्याकडं बघत राहिली. हा प्रश्न रागाचा नव्हता, खराच होता. मरगळ्यांच्या भावकीत जाळत नाहीत, माती देतात. बाकीचे कुठंकुठं वाटेवर पडले, पण जे घरी गेले ते सगळे बिरोबाच्या माळाच्या वरच्या अंगाला होते. धुळाचा बाप तिथं, आई तिथं, मल्हारच्या पाठची एक पोरगी तिथं. पण माळ पाटलांचा. मेंढरं बसवायला तोंडी परवानगी, माती द्यायलाही तोंडीच, आणि सातबाऱ्याला तोंडी बोललेलं ऐकू येत नाही. पाटलांनी माळ विकला, जेसीबी आला, दगड एका बाजूला ढकलले गेले. आता तिथं बावीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि धुळा मेंढरं विकून, चार बकऱ्या ठेवून, त्यातल्याच एका इमारतीच्या गेटवर वॉचमन आहे. नोकरी सांगून आली तेव्हा त्यानं एकच अट घातली होती, ड्युटी बी विंगच्या पार्किंगला द्या. सुपरवायझरला वाटलं, म्हाताऱ्याला सावली हवी असेल. पार्किंगमध्ये शिरताना धुळा चपला बाहेर काढतो, यावर सोसायटीतले लोक पहिल्यांदा हसायचे. आता त्यांना सवय झाली आहे.

गावाच्या नदीघाटावर जाळायचा सिमेंटचा चौथरा आहे, वर पत्र्याची शेड आहे. शेजारपाजारचे म्हणाले, धुळा, काळ बदलला, आणा आणि अग्नी द्या. धुळा म्हणाला, "बापाला जाळलं न्हाई, पोराला जाळू?" 

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजराबाई आली. म्हणजे पाटलीणबाई, ज्यांचा माळ होता त्यांच्या घरची. वय झालेलं, गुडघे गेलेले, म्हणून मुलगा रोहित गाडीतून घेऊन आला. धुळाचा वाडा त्यांच्या रानात बसायचा तेव्हापासूनची ओळख. मल्हार रांगता असताना तिच्या ओसरीवर खेळलेला. तिनं सुंदराला जवळ घेतलं, स्वतःच मोकळेपणानं रडली. सुंदरा रडली नाही. बातमी आल्यापासून ती रडलीच नव्हती, नुसती बसून राहायची.

"धुळा, त्याला घरी आण," गोजराबाई डोळे पुसत म्हणाली. "जागंचा घोर करू नगंस. आमच्या वढ्याकडंच्या तुकड्यात, बांधाला, आंब्याखाली दे माती. म्या सांगते."

धुळाचा चेहरा उजळला. त्यानं हात जोडले. "वैनी, लई उपकार व्हतील."

रोहित दाराशी उभा होता. त्यानं आधी फोनकडं बघितलं, मग बुटांकडं. "आये," तो हळूच म्हणाला, "वढ्याकडंच्या तुकड्याचं ॲग्रीमेंट झालंय."

"कवा?"

"दसऱ्याला."

"मला कुणी इचारलं?"

"तू सही केलीस की, आये."

गोजराबाईला आठवलं. सही केली होती खरी. रोहितनं कागद पुढं ठेवले, बोट ठेवलं तिथं ती नाव लिहीत गेली. आंबा तिच्या सासूनं लावलेला होता. ती उठली, आणि दारात जाऊन धुळाला म्हणाली, "मला माफ कर रं बाबा." एवढी मोठी पाटलीण, पण तिच्या स्वतःच्या मातीचीसुद्धा जागा आता तिच्या हातात राहिलेली नव्हती. धुळाला तिची दया आली. रोहित वाईट माणूस नव्हता. जाताना त्यानं धुळाच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी धुळानं कौस्तुभला फोन लावायला सांगितलं.

"पोरा, तितं माती देत्यात ती जागा तू बघितलीस?"

"नाही काका, बाहेरूनच."

"मग जाऊन बघून ये. नीट हिंड. कुणाला तरी इचार. आन मला सांगताना वाईट आधी सांग."

"म्हणजे?"

"वाईट आधी. चांगलं मागून. आमच्यात तसंच असतंय. मल्हारनं ते केलं न्हाई, तू कर."

 "हो काका," कौस्तुभ म्हणाला. त्याची सुट्टी परवा होती.

मधल्या दिवसात धुळाला चैन पडेना. अंगणात बकऱ्या बांधून तो अपेक्षाजवळ बसला. "पोरी, त्या मुलखाचं काय काय लिवल्यालं असंल ते वाच." अपेक्षानं फोनवर शोधलं, इंग्रजीत वाचलं, मराठीत सांगितलं. मल्हारनं सांगितलेलं बरंचसं त्यात होतं, राजे, पदक, दोन पार्ट्या. न सांगितलेलंही होतं. त्या देशात बारमाही नदी नाही, एकही नाही. समुद्राचं पाणी गोडं करून पितात. "मुळा न्हाई, पवना न्हाई, कायबी न्हाई?" धुळा हळहळला. पाण्याचं पोरानं कधी सांगितलंच नव्हतं, आणि तो तर रीतीतला पहिला प्रश्न.

मग अपेक्षा म्हणाली, "आबा, हितं लिवलंय, त्या देशात खडक लई, माती कमी. म्हणून कायदा हाय. घर बांधायचं आसंल तर आदी तितली चांगली माती उचलून दुसऱ्याच्या शेतात न्हेऊन टाकायची. माती गाडायची न्हाई."

धुळानं हे तिला पुन्हा वाचायला लावलं. कायदा? मातीचा? त्याच्या समोरून रोज मातीचे डंपर हिंजवडीकडं जात होते, आणि त्यांचा एकच कायदा त्याला ठाऊक होता, की पुढं असेल त्यानं बाजूला व्हावं.

"आन ह्ये बघा. शंभर-सव्वाशे वर्षांमागं तितं नवी घरं बांधत हुते. पाण्याची टाकी खांदताना खाली भोक पडलं. खाली खडकात कोरलेल्या खोल्या, आन त्यात मेलेली मानसं. सात हजार मानसं, आबा. पाच हजार वर्षांमागची."

"मग? काय केलं त्येंचं?"

"पयलं तर कामगारांनी झाकूनच ठिवलं, काम थांबंल म्हनून."

"हां," धुळा म्हणाला. "मंजी मानसंच हायेत."

"पन मग सरकारला कळलं. आता जपून ठिवलंय समदं. दिवसाला थोडीच मानसं आत सोडत्यात, श्वासानं दगड खराब व्हतोय म्हनून."

धुळा उठून बकऱ्यांना पाला टाकायला गेला, आणि पाला टाकून झाल्यावरही बराच वेळ तिथंच उभा राहिला. त्याचा बाप जिथं आहे तिथं आता एका पांढऱ्या गाडीची जागा आहे, खांबावर नंबर आहे. त्या गाडीवाल्या साहेबांचा काही दोष नाही. ते रोज धुळाला नमस्कार करतात.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कौस्तुभचा व्हिडिओ कॉल आला. सुंदरा आत होती, तिलाही अपेक्षानं बाहेर आणून बसवलं. पोराचे केस वाऱ्यानं उडत होते, मागं उंच उंच सरळ झाडं आणि पिवळ्या दगडाची भिंत.

"काका, वाईट आधी सांगतो," तो म्हणाला.  "पहिली गोष्ट, इथं पेटीतच ठेवतात. अंगाला माती लागत नाही. दुसरी, जागा कायमची नाही. ज्यांचं कुणी नाही त्यांची जागा काही वर्षांनी पुन्हा उघडतात, हाडं काढतात आणि सगळ्यांची एकत्र एका ठिकाणी ठेवतात. तिथल्या माणसानं मला असंच सांगितलं. तिसरी गोष्ट, मल्हारच्या नावाचा मोठा दगड वगैरे होणार नाही, साधी पाटी लागेल. आणि..."

"बोल."

"आणि काका, मल्हारनं तुम्हाला सांगितलं नसेल. आम्ही एका खोलीत आठजण राहतो. तो पहाटेपर्यंत गाडी चालवायचा. बसमध्ये आमच्या शेजारी पुष्कळदा कुणी बसत नाही. त्याला घरी यायचं होतं. दिवाळीला मला म्हणाला, आबांना काय सांगू, मी मुलूख चांगला म्हणून सांगून बसलोय."

सुंदराच्या तोंडून बारीक आवाज निघाला. धुळानं डोळे मिटले. ते वाक्य त्याच्या छातीत रुतलं आणि तो मरेपर्यंत निघणार नव्हतं. पोर रीत विसरलं नव्हतं. चुकीचं सांगून बसलं होतं, आणि आता वाईट सांगायला तोंड कुठलं, म्हणून गप्प राहिलं होतं.

"आता चांगलं सांग," धुळा म्हणाला.

"जागा डोंगरावर आहे, काका. वारा आहे. माती लाल आहे, आपल्या कोकणासारखी. भिंत पक्की आहे, आत कुणी गाडी आणत नाही, झाडं कुणी तोडत नाही. दीडशे वर्षांपूर्वीची नावंसुद्धा वाचता येतात. माणसं सगळीच वाईट नाहीत. मल्हार ज्या एका आजीकडं रोज जेवण द्यायचा, तिनं ॲपवरून विचारलं, तो पोरगा का येत नाही. तिला सांगितलं तर ती रडली. एका धर्मगुरूंची गोष्ट इथले लोक फार सांगतात. त्यांचं जहाज फुटलं, पावसात भिजून माणसं किनाऱ्याला लागली, तेव्हा इथल्या लोकांनी जाळ करून त्यांना शेकायला बसवलं. त्याचा सण करतात अजून." तो थांबला. "खरं सांगायचं तर आता आफ्रिकेतून पळून येणाऱ्यांच्या होड्या बुडतात तेव्हा सगळ्यांसाठी जाळ करत नाहीत, काका. पण बुडालेल्यांनाही माती देतात. नाव माहीत नसलं तरी. इथंच, त्या कोपऱ्यात."

त्यानं फोन फिरवून कोपरा दाखवला. धुळानं फोन जवळ घेऊन बघितलं. सुंदरानंही बघितलं, बराच वेळ.

"ती हाडं," धुळानं विचारलं, "काढल्यावर टाकत न्हाईत नव्हं?"

"नाही काका. टाकत नाहीत. एकत्र ठेवतात."

धुळानं बायकोकडं बघितलं. ठरवायचं त्यानं, असं सगळे म्हणत होते, पण त्याला ठरवता येईना. हो म्हणावं तर लेकाला परमुलखात टाकल्यासारखं होत होतं. नाही म्हणावं तर आणून ठेवायला हातभर जागा नव्हती. शेवटी सुंदराच बोलली.

"ऱ्हाऊ द्या त्याला तितंच."

"सुंदरा..."

"ह्यो पोरगा खरं सांगतोय. वाईट आदी सांगितलं त्यानं." तिचा आवाज कोरडा होता. "हितं आणला तर उद्या कुणीतरी त्याच्यावर गाडी लावंल. आन तुमी गेटावर बसून शिट्टी वाजवाल. तितं उकरतील तर उकरू द्या, ठिवतील तर चार मानसांत. माझं पोर एकटं नको."

धुळानं मान हलवली. अपेक्षानं काय लिहून पाठवायचं ते कौस्तुभला विचारून घेतलं आणि तिथंच ओट्यावर बसून लिहिलं.

दफन झालं त्या दिवशी इकडं दुपार होती, तिकडं सकाळ. पाच-सहा पोरं आली होती, दोन नेपाळची, एक केरळचा, बाकी कुठले कुठले. ती आजी आली नाही, तिला चालवत नाही, पण तिनं कुणाबरोबर तरी फुलं पाठवली होती. कौस्तुभनं फोन एका मुलाच्या हातात दिला आणि स्वतः पुढं झाला. भंडारा तिकडं कुठला मिळणार? त्यानं भारतीय किराणा दुकानातून हळदीची पुडी आणली होती, ती पेटीवर उधळली. धुळा फोनमधून सांगत गेला आणि ते साताऱ्याचं पोर तसं तसं करत गेलं. मिठाची मूठ टाक. आता मातीची. आता "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हण. तो म्हणाला, आणि बाकीच्या पोरांनीही अर्थ न कळता जमेल तसं म्हटलं. धुळानं इकडं अंगणात मूठभर माती घेतली होती. ती कुठं टाकावी हे त्याला समजेना. मग त्यानं ती पुन्हा अंगणातच ठेवली.

माती लोटून झाली. पोरं पांगली. कौस्तुभ फोन घेऊन भिंतीजवळ येऊन उभा राहिला. तेव्हा सुंदरानं अपेक्षाच्या हातून फोन घेतला.

"बाळा, हात धुतलंस का?"

"हो काकू."

"जेवलास?"

"नाही. आता डायरेक्ट ड्युटीवर जातोय."

"तसं जायचं न्हाई. माती दिल्याल्या मानसाच्या घरी त्या दिशी चूल पेटत न्हाई. शेजाऱ्यानं भाकरी आणायची, कडू घास द्यायचा, मग उठायचं. आमच्याकडं तसंच असतंय, तुमच्याकडंबी असंल. तुझा शेजारी कोण हाय तितं? त्याला सांग, माझ्या आईनं सांगितलंय म्हनून सांग."

 वाऱ्याचा आवाज येत राहिला. अपेक्षाला वाटलं, फोन कट झाला.

"मल्हारच होता, काकू," तो म्हणाला. "त्याचीच कॉट माझ्या शेजारी."

सुंदरानं फोन लेकीच्या हातात दिला. भिंतीकडं तोंड केलं, आणि बातमी आल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. तिकडं भिंतीला टेकून ते पोरही रडत होतं. धुळा दोघांचं रडणं ऐकत बसला, आणि अपेक्षाला म्हणाला, फोन बंद करू नकोस.